वहिनींचा स्कोअर

"सुभाष निघालाय! मध्यरेषा ओलांडली... कोपरा म्हणतोय या, मध्य म्हणतोय बसा... आणि पाहुणा उंबऱ्यावरनंच परत!"

या वाक्यावर करंजवडीचं मैदान हसतं. हसायचंच. मी हणमंत खोत, कापडाचा दुकानदार, पण यात्रेतल्या कबड्डीला माईक माझ्या हातात आला की दुकान, गिऱ्हाईक, सगळं विसरलेला माणूस. कुठल्या वाक्याला हशा येतो आणि कुठल्या वाक्याला टाळी, हे मला गजाने कापड मोजावं तसं ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र वाक्य कर्ण्यातून गेलं, देवळाच्या शिखरावर आपटून परत आलं आणि खाली कोणी हसलंच नाही. मी वाकून बघितलं. लिंबाखालची रांगच्या रांग माना खाली घालून बसलेली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

"अरे, मैदान इकडं हाय!" मी माईकमध्येच ओरडलो.

"बघतोय की आण्णा," पुढचा एक जण मान वर न करता म्हणाला. "वहिनींचा स्कोअर बघतोय."

वहिनी म्हणजे माझी बायको, मंदाकिनी. माझ्या स्टेजला लागूनच खाली, पंचांच्या टेबलाच्या कडेला लॅपटॉप उघडून बसली होती. डोक्यावरचा पदर जराही ढळला नव्हता आणि बोटं मात्र धावत होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला वाटलं, त्या लॅपटॉपवर कुणीतरी उसाचा रस सांडावा.

आता आमच्या गावची गोष्ट सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आमचं करंजवडी विट्याच्या बाजूला. आमच्याकडे घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं दुकान. कोण कानपूरला, कोण कोइमतूरला, कोण पार आसामात. यात्रेला सगळ्यांनाच येणं जमत नाही, पण कबड्डीचा जीव सुटत नाही. मग ही मंडळी गावात कुणाला तरी फोन लावायची आणि तो माणूस फोन कर्ण्याखाली धरून उभा राहायचा. सामना संपेपर्यंत तिकडे कानपुरात माझा आवाज चालू. फायनलला तर कर्ण्याच्या खांबाला फोनांची पिशवीच बांधलेली असायची. माझा धाकटा भाऊ संपत कोइमतूरला होता. त्याचा फोन मात्र पिशवीत नाही, माझ्या सदऱ्याच्या खिशात. तो माझा पहिला श्रोता. लहानपणी आम्ही बैल धुवायला ओढ्यावर जायचो, तेव्हा मी म्हशींच्या झुंजीचं समालोचन करायचो आणि तो एकटा टाळ्या वाजवायचा.

त्या वर्षी पिशवी रिकामी होती.

मंदा ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात बसायची. सातबारे, दाखले, सगळं तिच्या बोटांवर. तिथेच तिने ते ऑनलाईन शीटचं शिकून घेतलं होतं. इंटरनेटवर एक कोष्टक उघडायचं, त्यात आडव्या-उभ्या रकान्यांत माहिती भरायची आणि एक वेबसाईट अशी करायची, की ती त्या कोष्टकातूनच सगळं उचलते. इकडे मंदाने एका घरात आकडा भरला, की दोन श्वासांत तो कानपूरच्या मोबाईलवर. कोणी चढाई केली, किती गुण, कोण बाद, आणि शेवटी वर्णनाची एक ओळ. हे तिने कधी केलं, कसं केलं, मला पत्ता नाही. यात्रेच्या आदल्या आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव आप्पा दुकानात आले आणि म्हणाले, "हणमंतराव, वहिनींनी गावाचं नाव काढलं." मी धोतरजोडी दाखवत होतो. तीच घडी मी तीनदा घातली.

उपांत्य सामना संपवून आम्ही घरी आलो, तोवर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मंदाने चहा पुढे ठेवला. तिचा फोन वाजला. कानपूरहून शेवाळ्यांचा बबन.

"वहिनी, लई हसलो बगा! दुकानातली सगळी गोळा झालती. तुमी काय लिवता वो, आवो समोर दिसतंय सगळं!"

फोन स्पीकरवर होता. मंदा नुसती हसली आणि म्हणाली, "भाऊजी, हे काय माझं..."

"काय बी सांगू नका. पुढच्या साली पुस्तक काढा!"

फोन ठेवला, तर दुसरा. तो ठेवला, तर तिसरा. मला एकाचाही फोन नाही. इतकी वर्षं मी घसा फोडून बोललो, खडीसाखर चघळून, काढे पिऊन बोललो आणि पुस्तक हिने काढायचं!

"काय लिहितेस तरी काय एवढं?" मी विचारलं.

"उघडून बघा की. फोन हाय न्हवं का तुमच्याकडं?"

"मी कशाला बघू? मी मैदानात असतोय. मला डोळ्यांनी दिसतंय."

"मग नका बघू."

एवढ्यावर ते थांबलं असतं तर बरं होतं. पण तिचा फोन पुन्हा किणकिणला. या वेळी मेसेज होता. तिने वाचला आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मला सरकून बघावंसं वाटलं. वरचं नाव मी वाचलं. संपत.

"संपत तुला मेसेज करतोय?"

"करतो कवा कवा."

"मला न्हाई करत."

"तुमी कुठं वाचताय?"

"फोन करायचा की मग. यंदा यात्रेला फोन न्हाई त्याचा. दरवर्षी खिशात असायचा माझ्या. गेल्या साली बी होता."

मंदाने कपबश्या उचलल्या. "कामात असंल," ती म्हणाली आणि मोरीकडे गेली.

बायकोचा मत्सर करणारा नवरा जगात मी पहिला नसेन. पण त्यात दुसरी एक कळ होती आणि ती जास्त दुखत होती. गाव गेलं तर जाऊ दे, कानपूर गेलं तर जाऊ दे, संपत माझा होता. दोन वर्षं तो गावाकडे आला नव्हता. त्याच्या घरून फोन आला तरी त्याची बायको रंजनाच बोलायची. तो मागून "बरं हाय दादा, बरं हाय" एवढं म्हणायचा आणि फोन संपायचा. आणि हिला मात्र मेसेजवर मेसेज. त्याला माझा कंटाळा आला होता आणि हिचं लिहिलेलं गोड लागत होतं, असा सरळ हिशोब मी मांडला. रात्रभर कुशी बदलत राहिलो. शेजारी मंदा शांत झोपली होती, याचाही राग आला.

फायनलच्या दिवशी दुपारी सर्जेराव आप्पांनी मला बाजूला घेतलं. मैदानाच्या तोंडाशी एक भला मोठा टीव्ही बांधायचं काम चाललं होतं. त्याचं तोंड लोकांकडे आणि पाठ माझ्या स्टेजकडे.

"हे काय?"

"वहिनींचं पान दिसणार त्याच्यावर. म्हाताऱ्यांकडं मोबाईल न्हाईत, त्यांनी काय करायचं?"

"म्हाताऱ्यांना कान हायती की. मी कशाला हाय?"

आप्पा गडबडले. "तुमी हायच की. फकस्त मी काय म्हणतो, पुढच्या सालापासनं तुमी नावं पुकारा, पाव्हण्यांचं स्वागत करा. बाकीचं पडद्यावर दिसतंयच. तुमचा घसा बी वाचंल." आणि निघता निघता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण काय म्हणा, तुमचं नि वहिनींचं बरं जुळतंय हो!"

ते चिडवणं होतं असंच मी धरून चाललो. नाकाला मिरच्या झोंबल्या. स्टेजवर गेलो तो एकच ठरवून, की आज असं बोलायचं, की मैदानातला एकसुद्धा माणूस मोबाईलकडे बघणार नाही. आणि संपतलाही ऐकवायचं. तो फोन करत नाही ना? मग मी करतो.

सामना सुरू व्हायच्या आधी मी कोइमतूरला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"हां दादा!" संपतचा आवाज. केवढा बरा वाटला. "बोल दादा, ऐकतोय."

"ऐक तू. आज नुसतं ऐक." मी म्हणालो, फोन तसाच चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि माईक ओढला.

त्या दिवशी मी जो बोललो, तसा आधी कधी बोललो नव्हतो. समोर वाळव्याकडचा संघ, एकेक गडी दरवाजाच्या चौकटीएवढा. आमच्या सुभाष मुळीकने पहिल्याच चढाईत दोघं टिपले. "एक तिकीट काढलं आणि दोघं उतरवले!" मी गर्जलो. त्यांचा चढाईबहाद्दर आमच्या साखळीत अडकला. "जावई घावलाय रं! आता जेवल्याबिगर सोडत न्हाईत! वाढा, आणखी वाढा!" म्हातारी माणसं हसली, पोरं उठून उभी राहिली. माना वर आल्या. मी तिरक्या नजरेने मंदाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची मान जराशी कलती होती, एक कान स्टेजकडे, आणि बोटं पळत होती. लिही बाई, म्हटलं, किती लिहितेस ते बघू.

मध्यंतर झालं. गुण अगदी बरोबरीत. मी घाम पुसला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि खिशातला फोन काढला. चालूच होता.

"संपत, कसं वाटलं रं?"

"हां दादा, लई भारी."

"आवाज येतोय न्हवं नीट?"

"लई भारी बोलतोयस दादा."

"जावई घावला, ते ऐकलंस का?"

"हां दादा. बोल तू. ऐकतोय."

मला काहीतरी खटकलं. "सुभाष कितीजण घेऊन आला सांग बघू?"

"हां. लई भारी."

"संपत, रंजना कुठं हाय?"

"बोल दादा, ऐकतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे फोन बाजूला टाकून बसलाय! माझं बोलणं चाललंय आणि हा तिकडे मोबाईलवर वहिनीचं पान बघतोय आणि मला मधूनमधून हुंकार देतोय! मी तसाच स्टेजवरून खाली उतरलो, पंचांच्या टेबलापाशी गेलो आणि फोन मंदाच्या पुढ्यात आदळला.

"हे घे. तुझा दीर माझी चेष्टा करतोय. मी विचारतोय एक, ह्यो सांगतोय एक. तूच बोल. तुझंच ऐकतोय तो."

मंदाने फोनकडे बघितलं. त्याच्यावर संपतचं नाव होतं आणि आतून बारीक आवाज येत होता, "हां दादा, हां." तिने फोन बंद केला आणि मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. चारचौघांत तिने माझा हात धरल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

"त्याला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

"ऐकायचंच नसलं की..."

"अवं, ऐकू येत न्हाई. दोन्ही कान गेलेत त्याचे. दोन वर्सं झाली. मोठा ताप आलता न्हवं का? त्यात गेले."

मैदानात कुणीतरी पाणी मारत होतं.

"गेल्या साली फोन होता की त्याचा. माझ्या खिशात."

"व्हता. मांडीवर ठेवून बसलाता म्हणं, सामना संपूस्तोवर. रंजनानं मला सांगितलं मागनं. ती म्हणली, बंद करा आता, तर म्हणला, दादाच्या खिशात हाय मी, बंद कसा करू?"

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी त्याला दुकान सोडायला लावून घरी आणला असता. मला शपथ घातलीती त्यानं."

खरं होतं. मी आणलाच असता. पण त्या घडीलासुद्धा माझ्या मनात काय आलं असेल? त्याचे कान गेल्याचं दुःख आलं, नाही असं नाही. पण त्याच्याही पुढे, कोपराने ढकलत, हे आलं, की त्याने हिला सांगितलं. मला नाही सांगितलं, हिला सांगितलं. मत्सर असा बेशरम असतो. घरात मरण झालं तरी तो आपलं ताट मांडून बसतो.

"म्हणून हे केलंस?" मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"त्याच्याचसाठी. एक पान करायचं आणि त्याला धाडायचं, एवढंच व्हतं. त्याच्या शेजारच्या दुकानदारानं बघितलं, त्यानं कानपूरला धाडलं. मग पांगलं सगळीकडं. मी कुठं कुणाला सांगाया गेले?"

"आणि ते काय लिहितेस, ज्याच्यावर हसतात सगळी?"

मंदाने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ते कोष्टक मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. डावीकडे चढाई करणाऱ्याचं नाव, मग गुण, मग बाद झालेले. शेवटच्या रकान्यात ओळी होत्या. 'एक तिकीट, दोघं उतरवले.' 'जावई घावला. जेवल्याशिवाय सोडत नाहीत.' 'पाहुणा उंबऱ्यावरनंच परत.' खाली, वर, आधीच्या सगळ्या सामन्यांच्या, ओळीच्या ओळी. माझं फुगवलेलं, लांबवलेलं, तीनतीनदा घोळलेलं बोलणं तिने तांदूळ निवडावेत तसं निवडून ठेवलं होतं. वेबसाईटवर त्या रकान्याला 'वर्णन' म्हणत. इथे, तिच्या शीटमध्ये, त्याच्या डोक्यावर एकच शब्द होता. 'दादा'.

"हे माझंच हाय," मी म्हणालो.

"मग कुणाचं? मला कुठं येतंय असलं बोलाया? सांगत व्हते की मी सगळ्यांस्नी. ऐकतंय कोण?"

शेवटच्या ओळीखालचं घर रिकामं होतं. त्या रिकाम्या घराभोवती एक हिरवी चौकट होती आणि तिच्या टोकाला बारीक अक्षरांत नाव होतं. संपत खोत.

"हे काय?"

"आत्ता तो शीटमधी हाय. त्याला मी आत यायची परवानगी दिलीया. वेबसाईटवर यायच्या आधी इथं दिसतं न्हवं का, तेवढी बी कळ काढवत न्हाई त्याला. असाच बसतो. तुमी पुढं काय बोलताय ते बघत. मघाशी मध्यंतर दिसलं त्याला, म्हणून अंदाजानं हुंकार देत व्हता."

पंचांनी शिट्टी वाजवली. मी स्टेजवर परत कसा चढलो, आठवत नाही.

दुसऱ्या डावात मी जपून बोलायला लागलो. एक वाक्य बोलायचं आणि मंदाची बोटं थांबेपर्यंत थांबायचं. मग दुसरं. लोकांना वाटलं, आण्णा दमले. आप्पा खालून हातवारे करत होते, जोरात, जोरात. मी जोरात कशाला बोलू? कितीही जोरात बोललो तरी आता काय उपयोग होता? मी मंदाच्या बोटांकडे बघत बोलत होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत लिहीत होती. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे एवढा वेळ कधी बघितलं नसेल.

शेवटचं मिनिट. गुण बरोबरीत. सुभाष मध्यरेषेवर आला, वाकला, मातीला हात लावला. वाळव्याचे सातही गडी मैदानात. सगळं करंजवडी श्वास धरून उभं. ही चढाई म्हणजे समालोचकाला देवाने दिलेलं ताट. मी माईक तोंडापाशी नेला, आणि माझ्या डोळ्यांपुढे सुभाष नव्हताच. एक माणूस होता, मांडीवर फोन ठेवून, संपूर्ण सामनाभर भिंतीकडे बघत बसलेला. ओढ्यावर टाळ्या वाजवणारा. मी तोंड उघडलं. शब्द निघेना. सुभाष "कबड्डी कबड्डी" करत आत शिरला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि कर्ण्यातून नुसती घरघर.

मैदानावर कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. सगळ्यांचे डोळे सुभाषवर. सुभाषचं नाव भरून मंदाची बोटं कीबोर्डवर तशीच अधांतरी राहिली होती. काय लिहिणार? मी काही बोललोच नव्हतो.

मग टीव्हीपुढे बसलेली म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मागची पोरं मोबाईलकडे बघून वर बघायला लागली. मला कळेना काय झालं. टीव्हीची पाठ माझ्याकडे होती. मी मंदाकडे बघितलं, तर ती पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली, दुसऱ्या हाताने लॅपटॉप माझ्याकडे वळवत.

मी स्टेजच्या कडेवरनं वाकलो. हिरव्या चौकटीतलं ते घर आता रिकामं नव्हतं. मंदाने काही भरलं नव्हतं. ज्याची चौकट होती, त्यानेच कोइमतूरहून भरलं होतं. शीटमध्ये भरलं ते वेबसाईटवर गेलं, आणि वेबसाईटवर गेलं ते कानपुरात, आसामात आणि आमच्या मैदानातल्या त्या पडद्यावर एकदमच उमटलं.

'वहिनी, दादा गप का झाला?'

कान असलेल्या हजार माणसांत एकालाही ते कळलं नव्हतं.

सुभाष कोपऱ्यातल्याला शिवून, आडवा होऊन, बोटाच्या टोकाने मध्यरेषा गाठत होता. गाव उसळलं. गुलाल उडाला. मी माईक जवळ घेतला.

"हाय रं," मी म्हणालो. "हितंच हाय."

मंदाने ते लिहिलं.